ओव्हरक्लॉक करायला बसलो आणि व्होल्टेज कमी करून उठलो

रायझन 5 5600 प्रोसेसर, आरएक्स 6600 ग्राफिक कार्ड, 16 जीबी डीडीआर4 रॅम, बी550 मदरबोर्ड आणि 144 हर्ट्झचा मॉनिटर. 1080पीवर खेळायला एवढा संच भरपूर झाला आणि आकडेही तेच सांगत होते. काउंटर-स्ट्राइक 2 मध्ये कोपऱ्यातला दर सेकंदाच्या फ्रेमचा (चित्रांचा) आकडा दीडशेच्या खाली क्वचितच यायचा. तरीही झटकन वळून नेम धरायला जावं, तर चित्र नेमकं तिथेच अडखळायचं. सरासरी फ्रेम हा लबाड आकडा आहे. खरी गोम कळते ती 'वन परसेंट लो'वरून, म्हणजे सगळ्यात संथ एक टक्का फ्रेम कशा आल्या यावरून. माझा तो आकडा पन्नाशीच्या आसपास लोळत होता.

बी550 बोर्ड मुद्दाम घेतला होता. ए520 थोडा स्वस्त पडतो, पण त्यावर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायची, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवायची सोय नसते. तेव्हा खूळ आधीपासून डोक्यात होतंच. पण कशालाही हात लावण्याआधी मोजायचं कसं ते ठरवलं. सायबरपंक 2077 आणि जीटीए 5 या दोन्ही गेममध्ये बेंचमार्क आतच दिलेला आहे, दर वेळी दृश्य तेच असतं, त्यामुळे तुलना होते. मागे तापमान, वेग, वीज दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो चालू ठेवायचं, एका वेळी एकच सेटिंग बदलायचं आणि वहीत लिहायचं. कंटाळवाणं काम आहे. पण पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि पीसी कोसळला, तर गुन्हेगार शोधायचा कुठे?

पहिला गुन्हेगार सीपीयू-झेड हे पीसीची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडताच सापडला. रॅमचा वेग 1066 मेगाहर्ट्झ. डीडीआर म्हणजे याची दुप्पट, म्हणजे 2133. पट्टीवर मात्र 3200 छापलेलं. शिवाय दोन्ही पट्ट्या शेजारशेजारच्या स्लॉटमध्ये बसवलेल्या, त्यामुळे रॅम आणि प्रोसेसरमधल्या दोन वाटांपैकी (चॅनलपैकी) एकच चालू होती. पीसी गावातल्याच एका दुकानातून जोडून घेतला होता. तिथे फोन केला तर उत्तर आलं, "दादा, एक्सएमपी लावू नका, वॉरंटीचा प्रॉब्लेम होतो. आहे ते बरंय." एक्सएमपी म्हणजे रॅमला छापील वेगावर नेणारं सेटिंग. आहे ते बरं नव्हतं. 3200 ची रॅम 2133 वर चालवायची, तर 3200 चे पैसे कशाला मोजायचे?

कॅबिनेटची काच काढली आणि पट्ट्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवल्या. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन एक्सएमपी चालू केलं (काही बोर्डांवर यालाच डीओसीपी म्हणतात). सेव्ह करून बाहेर पडलो आणि स्क्रीन काळी. पंखे फिरले, थांबले, परत फिरले. पहिल्यांदाच हे बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण घाबरायचं कारण नसतं. बोर्ड रॅमची नवी गती जुळवून बघत असतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. तेवढा वेळ पॉवर बटणाला हात लावायचा नाही. जमलंच नाही, तर बहुतेक बोर्ड आपोआप मूळ सेटिंगवर परत येतात, आणि तेही झालं नाही तर सीएमओएस क्लिअर करायचा, म्हणजे बोर्डाने साठवलेली सेटिंग पुसायची.

या एका बदलाने जेवढा फरक पडला, तेवढा पुढच्या कशानेच पडला नाही. काउंटर-स्ट्राइकमधला वन परसेंट लो जवळपास दीडपट झाला. रायझन 5000 मध्ये रॅमचा वेग नुसता रॅमपुरता नसतो. प्रोसेसरच्या आतले भाग ज्या इन्फिनिटी फॅब्रिकवरून एकमेकांशी बोलतात, त्याचं घड्याळ रॅमच्या छापील वेगाच्या निम्म्यावर चालतं. रॅम 2133 वर असली की फॅब्रिकही 1066 वर रखडतं, आणि प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या गेममध्ये ते लगेच जाणवतं.

बाकीची किरकोळ कामं पटापट उरकली. विंडोजमध्ये मॉनिटर 60 हर्ट्झवरच होता, तो 144 वर नेला. हे बघायचं इतक्या जणांचं राहून जातं की विचारू नका. प्रोसेसरला ग्राफिक कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारा रीसायझेबल बार चालू करायचा तर सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद करावं लागतं, आणि विंडोज एमबीआर या जुन्या विभागणीच्या डिस्कवर टाकलेलं असेल तर सीएसएम बंद केल्यावर पीसी बूटच होत नाही. दुकानातून आलेलं विंडोज तसंच होतं. सुदैवाने विंडोजमध्येच एमबीआर-टू-जीपीटी नावाची कमांड आहे, तिने डिस्क न पुसता ती नव्या जीपीटी विभागणीत नेली. बॅकअप मात्र आधी घेतला.

आणि ते 'एफपीएस डबल' करून देणारे व्हिडिओ, गेम बूस्टर, रजिस्ट्रीच्या फायली? चार-पाच टाकून पाहिल्या, वहीतले आकडे जागचे हलले नाहीत. मेमरी इंटिग्रिटी ही विंडोजची सुरक्षेची सोय बंद केली की काही गेममध्ये थोडे फ्रेम वाढतात हे खरं आहे, पण याच पीसीवर बाबांचं नेटबँकिंग चालतं. चालूच ठेवली.

मग आलं खरं ओव्हरक्लॉकिंग. मामा सातपूरला कंपनीत होते, या विषयातले जुने खेळाडू. 1998 साली आलेला सेलेरॉन 300ए त्यांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणला होता. प्रोसेसरचा वेग म्हणजे बसचा वेग गुणिले मल्टिप्लायर. त्याचा मल्टिप्लायर साडेचारला कुलूपबंद, पण बसचा वेग 66 वरून 100 वर नेला की 300 चा प्रोसेसर थेट 450 मेगाहर्ट्झवर पळायचा. ज्या बोर्डावर तशी सोय नव्हती, तिथे लोक बी21 ही एक पिन टेपने झाकायचे. पन्नास टक्के वेग फुकटात! त्यामुळे मामांचा प्रश्न ठरलेला : "काय रे, कितीने वाढवला?"

आता तो जमाना राहिला नाही. 5600 चा मूळ वेग 3.5 गिगाहर्ट्झ, बूस्ट (गरजेपुरता चढणारा वेग) 4.4, आणि तापमान व वीज यांना जागा असेल तितका तो स्वतःच वर चढतो. कंपनीने लोणी आधीच काढून घेतलंय, आपल्या वाट्याला ताक. सगळे कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे स्वतंत्र भाग) हाताने एकाच वेगावर बांधले, तर एका-दोन कोअरना मिळणारा वरचा बूस्ट उलट हातचा जातो. म्हणून तो नाद सोडून पीबीओ (वीजमर्यादा वाढवून जास्त बूस्ट घेऊ देणारी सोय) आणि व्होल्टेज कमी करणाऱ्या कर्व्ह ऑप्टिमायझरकडे वळलो. जोखीम तुमची, वॉरंटी आमची नाही, असा इशारा बायोस आधी दाखवतो. तो मान्य करूनच पुढे जायचं.

कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये प्रत्येक कोअरला उणे 30 पर्यंत आकडा देता येतो. एक पायरी म्हणजे साधारण 3 ते 5 मिलिव्होल्ट कमी. व्होल्टेज कमी झालं की उष्णता कमी होते, आणि तेवढ्याच विजेत प्रोसेसर जास्त वेळ वरच्या वेगावर टिकतो. सगळ्यांना उणे 30 दिलं. सगळ्या कोअरना घाम फोडणारी सिनेबेंच ही चाचणी तासभर सुरळीत, गेम सुरळीत. आणि रात्री नुसता पेपर वाचत बसलो असताना पीसी फट्‌कन रीस्टार्ट. यातली मेख अशी, की पूर्ण भारात सगळे कोअर खालच्या वेगावर असतात. हलक्या कामात एकच कोअर टोकाच्या बूस्टला जातो आणि कमी केलेलं व्होल्टेज त्याला तिथे पुरत नाही. म्हणजे नुसता जड भार टाकून घेतलेली परीक्षा अर्धवटच. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीआ लॉगरची, म्हणजे हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्याची नोंद सापडली. तिच्यातल्या एपीआयसी आयडी या क्रमांकावरून कोणता कोअर ते कळतं. तो निघाला चिपमधला सगळ्यात चांगला कोअर, जो सर्वांत वर बूस्ट घेतो. त्याला उणे 12 वर आणला, बाकीचे उणे 20 ते 25. मग कोअरसायकलर रात्रभर चालवलं. ते एकेक कोअर वेगळा तपासतं, म्हणून या कामाला तेच बरं.

हे सगळं थंडीत झालं होतं. आमचं घर सिडकोत, माझी खोली गच्चीच्या खाली. नाशिकची हवा थंड म्हणून बाहेरचे लोक कौतुक करतात, त्यांनी मे महिन्यात दुपारी तीन वाजता या स्लॅबखाली बसून दाखवावं. पारा चाळिशीला टेकतो आणि रात्री दहानंतरही भिंती गरमच. खोली जितके अंश वर जाते, तितकाच साधारण प्रोसेसरही वर जातो. सोबत आलेल्या छोट्या रेथ स्टेल्थ कूलरवर सिनेबेंचमध्ये 90 अंशांची मर्यादा दिसायला लागली. पीबीओची वाढवलेली वीजमर्यादा काढून परत मुळातल्या 76 वॉटवर आणली, कर्व्ह तसाच ठेवला. तापमान उतरलं आणि गेममधले फ्रेम होते तिथेच राहिले. गेम सिनेबेंचइतकी वीज खातच नाही, हे त्याचं साधं कारण.

रॅमचीही तीच गत. थंडीत 3200 ची पट्टी 3600 वर, फॅब्रिक 1800 वर, रॅम तपासणाऱ्या मेमटेस्टला एकही चूक न करता चालली होती. एप्रिलमध्ये त्याच सेटिंगला चुका दिसू लागल्या. गेम मध्येच डेस्कटॉपवर फेकला जाणं एक वेळ चालेल, पण रॅमच्या चुका गुपचूप फायलींमध्ये शिरतात. 3200 वर परत आलो. फरक होता तो बेंचमार्कच्या आकड्यात, डोळ्याला काही दिसला नाही.

ग्राफिक कार्डाचंही तसंच केलं. आरएक्स 6600 तसं 132 वॉटचं गरीब कार्ड. अॅड्रेनालिन या कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये व्होल्टेज 1150 मिलिव्होल्टवरून पायरीपायरीने 1080 पर्यंत उतरवलं, मेमरी 1750 वरून 1800 केली. फ्रेम दोन-तीन टक्के वाढले, पंख्याचा घोंघाट निम्म्यावर आला. त्यावर फ्रेमना 141 ची मर्यादा घातली, म्हणजे फ्रीसिंकच्या (मॉनिटरचा वेग फ्रेमशी जुळवणाऱ्या सोयीच्या) टप्प्यात राहतात आणि न दिसणाऱ्या फ्रेमसाठी कार्ड तापत बसत नाही.

मामांना सांगितलं, "वाढवलं नाही मामा, सगळं कमी केलंय." त्यांनी एचडब्ल्यूइन्फोचे आकडे बराच वेळ वरखाली करून बघितले आणि म्हणाले, "मग बोर्डाचे जास्तीचे पैसे कशाला घातलेस?" प्रश्न रास्त आहे. कर्व्ह ऑप्टिमायझर ए520 वर मिळेलच याची खात्री नव्हती, एवढंच माझं उत्तर.

बायोसमध्ये आता दोन प्रोफाइल आहेत, उन्हाळ्याचं 3200 वालं आणि थंडीचं 3600 वालं. बायोस अपडेट करायचा झाला तर यूपीएसवरच, आणि वळवाचे ढग जमलेले असताना नाहीच. अपडेटनंतर जुनी प्रोफाइल बऱ्याचदा उघडत नाहीत, म्हणून प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवलाय.