पाहुणी गाते तेव्हा

वेल्समधल्या पुरुषांच्या क्वायरचा, म्हणजे समूहगायन मंडळाचा, वार्षिक कार्यक्रम म्हटला की काही गोष्टी ठरलेल्याच. चॅपेलचे, म्हणजे छोट्या प्रार्थनाघराचे, कडक लाकडी बाक, सगळ्यांचे एका रंगाचे कोट, मध्यंतरात रॅफलची तिकिटं आणि कुणीतरी पाहुणे गायक. बहुधा एखादी सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीत गाणारी गायिका. पाहुणी बोलावण्यामागे व्यवहारही आहे: साठी-सत्तरीतल्या मंडळींना दोन तास उभं राहून गाणं झेपत नाही. ती गायला लागली की मागच्या रांगा टेकतात, कुणी गुपचूप घशाची गोळी तोंडात टाकतं.

आपण मैफलीत वाढलेली माणसं. हरकत कुणाची, षड्ज कुणाचा लागला, हे शोधायची कानाला खोड. इथेही माझी नजर रांगांमधून फिरते, यातला सगळ्यात चांगला गळा कुणाचा? ते कळत नाही, आणि कळू नये म्हणूनच तर आठवडेच्या आठवडे तालीम. सगळ्यात उंच आवाजाचे वरचे टेनर, मग दुसरे टेनर, बॅरिटोन आणि सगळ्यात खर्जातले बास, असे चार भाग. यात कुणाचा आवाज शेजाऱ्याच्या वर निघाला की संचालकाचा तळहात खाली येतो. आमच्या एखाद्या बुवांना असा हात दाखवून बघा!

ही शिस्त आली खाणी आणि लोखंडाच्या कारखान्यांच्या गावांतून. जॉन कर्वेननं एकोणिसाव्या शतकात रुळवलेली टॉनिक सोल-फा ही स्वर लिहायची पद्धत चॅपेलांनी उचलली. पाश्चात्त्य स्वरलिपीतल्या पाच रेघांची भानगड नाही, नुसती अक्षरं. आणि त्यातला ‘डो’ आपल्या ‘सा’सारखा, हव्या त्या पट्टीत मांडावा. भातखंड्यांची स्वरलिपी गिरवलेल्याला तो कागद परका वाटणार नाही. अबरडेअरकडचा ग्रिफिथ ऱ्हीस जोन्स मूळचा लोहार, लोक त्याला कॅराडॉग म्हणत. साडेचारशेच्या आसपास गायक-गायिका घेऊन तो लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला गेला आणि १८७२ व १८७३, दोन्ही वर्षं तिथल्या गायनस्पर्धेचा चषक घेऊन आला. (पहिल्या वर्षी समोर प्रतिस्पर्धीच नव्हता, ते सोडा.) वेल्सच्या ऱ्होंदा खोऱ्यातली शेवटची खोल कोळसा खाण १९९० मध्ये बंद झाली. क्वायर मात्र गातच राहिले. आता त्यांत निवृत्त मास्तर असतात, पोस्टमन असतात.

जोसेफ पॅरीचं ‘मवान्वी’ हे प्रेमगीत झाल्याशिवाय तर सुटका नाही. वेल्समधल्या मर्थर गावच्या खाणीत लहानपणीच कामाला लागलेल्या माणसानं लिहिलेली ही चाल. पण मी वाट बघतो ती पाहुणी आणि क्वायर एकत्र गातात त्याची. शब्द तिचे, मागे सगळे ओठ मिटून नुसते गुणगुणतात. एवढे दणकट पुरुष एवढ्या खालच्या आवाजात! खरं सांगायचं तर पाहुणीकडे माझं लक्षच राहत नाही.

राष्ट्रगीतानंतर सगळे जवळच्या पबमध्ये जातात. त्या बैठकीला ‘आफ्टरग्लो’ म्हणतात. तिथे संचालक स्वतःच ग्लास घेऊन बसलेला असतो, हात खाली दाबायला कुणी नाही. तरी कुणी सूर धरला की चारही भाग आपापल्या जागी बसतात. वरचे टेनर तेवढे हमखास चढ्या आवाजात.