‘पूर्ण बरा’ असं लिहून आणा म्हणाले

दारू सोडवण्यासाठी यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात (आम्ही नुसतं ‘मेडिकल’ म्हणतो) मानसोपचार विभागात भरती केलं, औषधं सुरू झाली, घरी आणलं. इथपर्यंत सगळं नीट पार पडलं. तिथले डॉक्टर, सिस्टर, सोशल वर्कर ताई, कोणाबद्दलही माझी तक्रार नाही. आमचं घोडं अडलं ते नंतर, हिंगणा एमआयडीसीतल्या यांच्या कंपनीच्या ऑफिसात. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. ज्यांच्या घरचं माणूस दारूचे उपचार घेऊन कामावर परतणार आहे, त्यांना हे आधी माहीत असावं म्हणून लिहिते.

भरतीचं थोडक्यात सांगते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि इतर नशेशी जोडलेल्या मानसिक स्थितीही मानसिक आजारात धरल्या आहेत. यांनी स्वतः सही केली, कलम 86 खाली, म्हणजे स्वतःच्या मर्जीने. माणूस तसा निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसेल तर कलम 89 आहे. त्यात नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे पेशंटच्या बाजूने बोलायला ठरवलेल्या माणसाच्या, अर्जावर 30 दिवसांपर्यंत भरती ठेवता येते. आमच्या जाऊबाई म्हणत होत्या, दवाखाना कशाला, खोलीत कोंडा, दोन दिवसांत उतरेल. हे कोणी करू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम सुरू होऊ शकतो. वॉर्डात शेजारच्या खाटेवरचा पोरगा चादरीवरून नसलेल्या मुंग्या वेचत होता, एकेक करून, चिमटीत धरून. त्या अवस्थेत वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर जीवही जातो.

सुट्टी मिळाली तेव्हा डॉक्टरांनी फिटनेस सर्टिफिकेट दिलं. ‘कामावर रुजू होण्यास सक्षम. औषधोपचार व पाठपुरावा सुरू राहील. सुरुवातीला रात्रपाळी देऊ नये.’ मला ते अगदी पुरेसं वाटलं. आम्ही दोघं ते घेऊन कंपनीत गेलो. ऑफिसातल्या बाबूंनी वाचलं, लाल पेन काढला आणि ‘पाठपुरावा सुरू राहील’ या शब्दांभोवती गोल केला.

“मॅडम, उपचार सुरू आहेत म्हणजे हे बरे कुठे झाले? ‘पूर्ण बरा, पुन्हा पिणार नाही’ असं लिहून आणा.”

हे शेजारी मान खाली घालून उभे होते. वीस वर्षं काम केलेला कसबी फिटर माणूस, आणि त्याच्यासमोर त्याच्या बायकोला हे सांगितलं जात होतं.

परत मेडिकल, परत केसपेपर, परत ओपीडीची रांग. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, “ताई, असं मी कोणाबद्दलच लिहू शकत नाही. शुगरच्या पेशंटला ‘आता कधीच शुगर वाढणार नाही’ असं लिहून देतो का आम्ही?” मग त्यांनी डिस्चार्ज कार्डावरचा कोड दाखवला, एफ 10.23. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-10 या आजारांच्या यादीत त्याचा अर्थ असा की दारूवर अवलंबित्व आहे, सध्या माणूस पीत नाही आणि डायसल्फिरामसारखं (वर दारू प्यायली की त्रास होतो असं) औषध चालू आहे. ‘सध्या’ हेच वैद्यकीय सत्य आहे, त्यापुढचं भविष्य डॉक्टर सहीशिक्क्यानिशी देऊ शकत नाही. नव्या आयसीडी-11 मध्येसुद्धा दारूपासून दीर्घकाळ मुक्त म्हणायला किमान 12 महिने कोरडे जावे लागतात. जे सर्टिफिकेट कोणताही प्रामाणिक डॉक्टर देऊच शकत नाही, त्याच्यासाठी कंपनी आम्हाला हेलपाटे घालायला लावत होती.

हे मी ऑफिसात सांगितलं तर म्हणाले, मग स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र द्या. प्रतिज्ञापत्राचा मसुदा विचारला तर म्हणाले, आधी डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स द्या. मी देणारही होते. सोशल वर्कर ताईंनी अडवलं. त्या म्हणाल्या, त्याच 2017 च्या कायद्याच्या कलम 23 प्रमाणे उपचाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क पेशंटचा आहे, कंपनीला फिटनेसपुरतं कळलं की झालं. झेरॉक्स एकदा फाईलला लागली की ती कोणाकोणाच्या टेबलावरून फिरेल, सांगता येत नाही. बाई, किती मोलाचं बोलल्या त्या!

या सगळ्यात दिवस जात होते, आणि हेच मला सगळ्यात जास्त खुपतं. उपचारानंतरचे पहिले महिने सगळ्यात नाजूक. तेव्हाच माणसाला बिनपगारी घरी बसवलं. सकाळी उठून हे डबा भरल्यासारखं करायचे, मग आठवायचं की जायचं नाही. गल्लीतले विचारायचे, “काऊन वहिनी, भाऊ अजून घरीच?” त्यातच पोळा आला. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कर असते, मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, आणि त्या दिवशी पिणाऱ्यांना निमित्त लागत नाही. जुने दोस्त दारात आले. हे आत गेले, चप्पल घातली आणि मागच्या दाराने निघून दुपारच्या एए (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगला गेले. मी दारातल्यांना चहा दिला आणि वाटेला लावलं. त्या दिवशी यांचा मला जेवढा अभिमान वाटला, तेवढा लग्नानंतर कधी वाटला नव्हता.

सुटलं कसं, ते ऐका. तोंडी बोलणं मी बंद केलं. साधा अर्ज लिहिला: अमुक तारखेचं फिटनेस सर्टिफिकेट जोडले आहे, रुजू करून घ्यावे, ते मान्य नसल्यास कारण लेखी कळवावे, किंवा कंपनीच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. दोन प्रती नेल्या आणि एकीवर आवक शिक्का आणि तारीख मागितली. बाबू म्हणाले ठेवून जा. मी म्हटलं, पोच मिळाल्याशिवाय मी उठत नाही, आणि बाकावर बसून राहिले. जेवणाची सुट्टी होऊन गेली तरी बसले होते. शेवटी शिक्का मिळाला. ‘पूर्ण बरे नाहीत’ हे स्वतःच्या सहीने लिहून द्यायला तिथे कोणीच तयार नव्हतं. थोड्याच दिवसांत कंपनीच्या डॉक्टरांनी बोलावलं, बीपी पाहिलं, लिव्हरचे रिपोर्ट पाहिले आणि दिवसपाळीसाठी सही केली. प्रतिज्ञापत्राचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

म्हणून सांगते, डिस्चार्जच्या दिवशीच डॉक्टरांना कामाचं स्वरूप सांगा: मशीन आहे का, उंचावर चढायचं आहे का, पाळ्या कशा आहेत. फिटनेस सर्टिफिकेट वेगळ्या कागदावर घ्या, आजाराचं नाव त्यात यायची गरज नसते. मूळ प्रत हातची सोडू नका.

विम्याचं राहिलंच. यांचा पगार 21,000 च्या वर असल्यामुळे ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) नाही, कंपनीचा मेडिक्लेम आहे. सरकारी दवाखान्यामुळे आमचा खर्च थोडाच होता, पण खाजगीत जाणार असाल तर पॉलिसीतलं ‘एक्सक्लुजन कोड 12’ आधी वाचा. दारू आणि नशेच्या उपचारांचा खर्च त्या कलमाने वगळलेला असतो.

आणि भिंतींवर ‘रोग्याच्या नकळत दारू सोडवा’ लिहिलेलं दिसतं, त्याच्या वाट्याला जाऊ नका. डायसल्फिराम माणसाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचं असतं. शेवटच्या पेगनंतर निदान 12 तास गेल्याशिवाय ते सुरू करत नाहीत, आणि बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत त्याचा परिणाम राहू शकतो. नकळत भाजीत कालवलं आणि वर दारू प्यायला, तर जिवावर बेतू शकतं. खोकल्याच्या काही औषधांतही अल्कोहोल असतं, म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे गेलं की हे आधी सांगतात, ‘मी डायसल्फिरामवर आहे’.

कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल तर 14446 ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, आणि मन फार खचलं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416. दोन्ही फुकट. घरच्या बाईने स्वतःसाठीही फोन करावा. मी अल-अनॉनच्या, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या गटाच्या, बैठकीला जाऊ लागले तेव्हा मला झोप लागायला लागली.

यांची ओपीडीची तारीख अजून येते. त्या दिवशीच्या रजेच्या अर्जात हे ‘वैद्यकीय तपासणी’ एवढंच लिहितात, आणि रजा मंजूर होते.