तुम्ही विचारलंत म्हणून: औशात राहून बोट कशी दुरुस्त करता?

मी राहतो लातूर जिल्ह्यातल्या औशात, समुद्रापासून लांब. माझ्याकडे शिडाची बोट आहे हे कळलं की माणसं दोन गोष्टी विचारतात. पहिली: आपल्याकडे उन्हाळ्यात प्यायला टँकर लागतो, इथं राहून तुम्ही बोट कशी सांभाळता? दुसरी: सगळं स्वतःच का करता, कारागीर का लावत नाही? लग्नाच्या पंगतीत किंवा एसटीत हे विचारलं गेलं की मी थोडक्यात काहीतरी सांगतो. पण मागच्या महिन्यात पुतणीने विचारलं आणि ती खरोखर ऐकायला बसली. तिला सांगितलं ते लिहून ठेवतोय.

बोट २८ फुटांची, फायबरची, १९८२ सालची. आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक होऊन मी रत्नागिरीला मिरकरवाड्यात ट्रॉलरांच्या इंजिनावर काम करायला गेलो आणि सोळा वर्षं तिथं राहिलो. ही बोट एका खाडीकाठी चिखलात कलंडलेली होती, मालक तिला मोडीत काढणार होता. मी आणि तिथला एक मित्र, दोघांनी मिळून ती घेतली. पुढे आईच्या दुखण्यामुळे मी औशाला परतलो, दादांचं पंप-इंजिन दुरुस्तीचं दुकान हातात घेतलं. बोट खाडीतच राहिली. रत्नागिरी-नागपूर महामार्ग आमच्या गावावरून जातो, त्यामुळे सुटणारा भाग पिकअपमध्ये टाकून इकडे आणायचा आणि नीट करून परत न्यायचा, अशी आमची रीत पडली.

आता शिकलो कुठं, तर बरंचसं दादांच्या दुकानातच. बोटीचा पंखा ज्या दांड्यावर फिरतो तो दांडा बोटीच्या बुडातून बाहेर जातो, आणि तिथून समुद्र आत येऊ नये म्हणून ग्लँड असते. विहिरीवरच्या पंपाला असते तीच. तीच चौकोनी दोरी, तिचे तसेच तिरपे कापलेले वेढे, आणि एका वेढ्याचा जोड दुसऱ्याच्या जोडावर येऊ द्यायचा नाही हा तोच नियम. मी दहा-बारा वर्षांचा असताना गळणारी ग्लँड पाना लावून करकचून आवळली होती. दादांनी माझ्या हातातून पाना घेतला, नट पुन्हा ढिला केला आणि म्हणाले, "थेंब पडू दे. थेंब बंद केलास तर दांडा जळंल." दांडा फिरताना मिनिटाला काही थेंब पडायलाच हवेत, त्या पाण्यानेच दोरी थंड राहते. आवळली तर ती तापते, कडक होते आणि दांड्यावर चर पाडते. पहिल्या वेळी बोटीच्या बुडात वाकून मी बॅटरीच्या उजेडात ते थेंब मोजले, तेव्हा मला दादांचा आवाज ऐकू आला होता.

इंजिनातली हवा काढणंही तसंच. डिझेलच्या लाइनीत हवा शिरली की इंजिन धापा टाकतं आणि बंद पडतं. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा, हातपंप मारायचा, फेस येतो तो येऊ द्यायचा, आणि नुसतं डिझेल आलं की स्क्रू बसवायचा. शेतावरच्या किर्लोस्करला हे केलेल्या माणसाला बोटीचं इंजिन परकं वाटत नाही. फरक एवढाच की शेतात हवा निघेपर्यंत बांधावर बसता येतं.

माणूस का लावत नाही, त्याचं उत्तर इथंच आहे. एका जानेवारीत आम्ही जयगडच्या दीपगृहाच्या बाहेर समुद्रात होतो. रात्री वारा पडला. इंजिन लावलं, तर थोड्याच वेळात गरम झाल्याचा भोंगा वाजला आणि ओहोटीचं पाणी बोटीला खडकाकडे घेऊन चाललं होतं. समुद्राचं पाणी ओढायच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी बसली होती. त्या पाण्याच्या पंपात रबराचा इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पाकळ्यांचं चाक, असतो, तो पाण्यावाचून कोरडा फिरला की बघता बघता फाटतो. सहापैकी तीन पाकळ्या गेल्या होत्या. मित्राने नांगर टाकला आणि मी खाली गेलो. पंपाचे स्क्रू कुठं आहेत, खालचा स्क्रू कोणत्या पान्याने निघतो, सुटा इम्पेलर कोणत्या डब्यात आहे, हे सगळं मला डोळे मिटूनही ठाऊक होतं, कारण दर हंगामाच्या आधी तो पंप मीच उघडतो. वीस मिनिटांत नवा बसवला. तुटलेल्या पाकळ्यांचे तुकडेही शोधावे लागतात, नाहीतर ते पुढे इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलरच्या नळ्यांत अडकतात आणि आठवड्याने इंजिन पुन्हा तापतं. दोन तिथंच सापडले, तिसरा कूलरच्या तोंडाशी होता. हे काम दरवर्षी पैसे देऊन करून घेतलं असतं तर त्या रात्री मी पंपासमोर परका माणूस असतो. पैसे थोडे वाचतात, हेही खरं. पण त्यासाठी मी हे करत नाही.

माझ्या हातून झालेली चूकही पुतणीला सांगितली. बोटीच्या बुडाला भोकं असतात, कुठून इंजिनाला पाणी जातं, कुठून बेसिनचं बाहेर येतं. प्रत्येकावर कॉक असतो. एक कॉक खराब झाला तेव्हा मी नळकामाचा चकचकीत पितळी कॉक लावला. घरच्या टाकीला वीस वर्षं टिकतो, इथं का नाही टिकणार, असं मला वाटलं. पितळेत तांबं आणि जस्त असतं. खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे तांब्याचा नुसता सांगाडा उरतो. वरून मुलामा तसाच दिसतो, आतला धातू गुलाबी आणि ठिसूळ झालेला असतो. तिसऱ्या वर्षी, बोट काठावर असतानाच, मी नळी काढायला गेलो आणि कॉकचं तोंड माझ्या मुठीत तुटून आलं. तुटलेली कड बिस्किटासारखी होती, रंग गुलाबी. मी तो तुकडा हातात धरून कितीतरी वेळ तिथंच बसून राहिलो.

आमच्या भागातल्या माणसाला लिटरचा हिशोब पाठ असतो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, त्यात साधारण पाच लाख लिटर. त्यामुळे माझा हिशोब आपोआप टँकरमध्ये होतो. पाण्याखाली दोन फुटांवर दीड इंचाचं भोक असेल तर मिनिटाला सव्वाशे-दीडशे लिटर पाणी आत येतं. म्हणजे सव्वा तासात दहा हजार लिटरचा एक अख्खा टँकर बोटीत. त्या वर्षी सगळे कॉक बदलून खऱ्या ब्राँझचे बसवले, आणि प्रत्येकाशेजारी त्या मापाचा लाकडी खुंटा सुतळीने बांधून ठेवला. कॉक तुटलाच तर तो ठोकायचा. खुंटे औशाच्या सुताराने बाभळीचे दिले होते, ते मी परत केले आणि मऊ लाकडाचे करून घेतले, कारण मऊ लाकूड भोकाच्या आकारात दबून बसतं.

शिडांचं थोडक्यात सांगतो. शिडाचं कापड टिकतं, दोरा आधी जातो, उन्हाने. शिवणीवर नखाने जोरात खरवडायचं. दोरा तुटला तर ती सगळी शिवण उसवून नव्याने घालायची. लातूरला गंजगोलाईजवळ ताडपत्र्या शिवणारे एक चाचा आहेत. पहिल्यांदा त्यांनी सरळ टाके घातले आणि ते वाऱ्यात तुटले, कारण शीड ताणलं जातं आणि सरळ टाक्याला ताणायला जागा नसते. दुसऱ्या वर्षी त्यांनी बॅगा शिवणाऱ्याकडचं नागमोडी टाक्याचं मशीन मिळवलं आणि पॉलिस्टरचा जाड दोरा स्वतः आणून ठेवला. मी पैसे देऊ लागलो तर म्हणाले, शीड फुगलेलं असताना फोटो काढून आणा. तो फोटो त्यांच्या दुकानात लावलेला आहे.

डोलकाठीला तोलून धरणाऱ्या तारांचं मात्र मी फक्त बघायचं काम करतो, करायचं नाही. स्टीलच्या १९ पेडांची तार असते. कापसाचा बोळा मुठीत धरून तारेवरून वरपासून खालपर्यंत फिरवायचा, एखादा पेड तुटला असेल तर कापूस तिथं अडकतो. अडकला की ती तार गेली. तिला जोड नाही, डाग नाही. टोकाचे सांधे यंत्रावर दाबून बसवावे लागतात, ते मी तयार करून मागवतो. यात काटकसर करणाऱ्याबरोबर मी समुद्रावर जाणार नाही.

यंदाचं मोठं काम सुकाणूचं आहे, आणि ते सध्या माझ्या दुकानातच टांगलेलं आहे.

फाल्गुनी अमावास्येच्या उधाणाला आम्ही बोट काठावर घेतली. भरती सगळ्यात वर येते ते हेच दिवस. पाडवा झाला, आणखी आठ दिवस गेले, बोटीचं बूड खडखडीत वाळलं, पण सुकाणूच्या खालच्या कोपऱ्यातून तांबूस थेंब पडतच राहिले. माठ घेताना टिचकी मारून बघतो तसं पात्यावर नाणं वाजवत गेलो. वर टणक आवाज, खाली बद्द. सुकाणू म्हणजे फायबरच्या दोन शिंपल्या, मधे फोम, आणि फोममध्ये स्टीलच्या दांड्याला वेल्डिंग केलेल्या पट्ट्या. आत पाणी शिरलं की ते दिसत नाही, आणि हवा न मिळाल्यामुळे आतलं स्टीलही गंजतं. स्टेनलेसला गंज चढत नाही तो त्याच्यावर सतत बनणाऱ्या पातळ थरामुळे, आणि तो थर बनायला हवेतला प्राणवायू लागतो. बंद ओलाव्यात पट्ट्या तुटल्या तर वर चाक फिरवा नाहीतर दांडा, पातं जागचं हलणार नाही.

सुकाणूचा दांडा लांब असल्यामुळे ते खाली काढायला बोटीखाली तीन फूट खड्डा खणावा लागला. मित्र म्हणाला, "अरे, इथं कोकणात हे दिवाळीपर्यंत सुकायचं नाही." मी म्हटलं, आमच्याकडे सुकेल.

बेचाळीस अंशांची, ओठ फुटायला लावणारी आमची हवा. जिच्यापायी विहिरी आटतात, तीच इथं कामाला आली. पात्याला वर आणि खाली बोटभर भोकं पाडली आणि ते पत्र्याच्या शेडमध्ये उभं टांगलं. उघड्या उन्हात ठेवायचं नाही, फायबर आणि फोम फार तापले तर वाकतात. सावली आणि वारं, बस्स. सुकलं की नाही हे कळणार कसं, तर वजनाने. दर सोमवारी सुकाणू आडतीवरच्या काट्यावर. पहिल्या दिवशी ४६ किलो ३०० ग्रॅम भरलं. हमालमामा म्हणाले, "काय हाय ओ हे, इमानाचा पंख हाय का?" मी म्हटलं, ह्यातली हवा मोजायचीय. ते लगेच समजले. सोयाबीन आणलं की ओलाव्यालाच आडतीवर हवा म्हणतात, आणि १२ टक्क्यांच्या वर हवा लागली की भाव पडतो, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? तेव्हापासून वजन माझ्याआधी तेच वाचतात. ४४. ४१ आणि वर थोडं. ४०.

दरम्यान एका बाजूला खिडकी कापून आतल्या पट्ट्या बघितल्या. तीनपैकी मधल्या पट्टीच्या वेल्डिंगला केसासारखी चीर होती. लाल रंग लावून पुसला आणि पांढरी पावडर फवारली, तेव्हा चिरेतला लाल रंग रेघ होऊन वर आला. दुधाच्या स्टीलच्या टाक्या जोडणारा एक पोरगा लातूरला आहे, त्याने वेल्डिंग केलं. खाऱ्या पाण्यासाठी ३१६ जातीचीच सळई वापर, एवढं मी सांगितलं होतं. त्याने पाकिटावरचा आकडा मला दाखवूनच सुरुवात केली. चुंबक लावून स्टेनलेसच्या ३०४ आणि ३१६ या जाती वेगळ्या ओळखता येत नाहीत, पाकिटावरच विश्वास ठेवावा लागतो, आणि पाकीट दाखवणाऱ्या माणसावर.

गेले दोन सोमवार वजन हललेलं नाही, ३८ किलो ९००. काल हमालमामांनी स्वतःहून सांगितलं, "वाळलं बगा आता, भरा."

उद्या पहाटे पाचला इपॉक्सी, म्हणजे हार्डनर मिसळला की कडक होणारी राळ, कालवायचं. दिवसा या उन्हात ते भांड्यातच तापून दगड होतं, म्हणून थोडं थोडं, आणि खोल डब्यात न ठेवता पसरट ताटलीत. आधी खिडकीची कड घासून उतरती करायची, जाडीच्या बारापट लांब उतार. मग फायबरच्या कापडाचे थर. शेवटी दांडा पात्यात जिथं शिरतो तिथली फट, कारण पाणी आत गेलं ते तिथूनच: स्टील आणि फायबर उन्हात सारखे फुगत नाहीत आणि कडक लांबी (पुट्टी) तिथं चिरते. तिथं चर काढून लवचिक सीलंट भरणार आहे. पुतणीला मदतीला यायचंय. तिला हातमोजे आणून ठेवलेत आणि सोनाराकडचा छोटा काटा मागून आणलाय, हार्डनर तोलायचं काम तिचं.