बटणं

काल रात्रीपासून ते एक वाक्य डोक्यातून जात नाहीये.

प्रभुभोजनाचा रविवार, चर्चमध्ये येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा. आज तरी उपासनेला उशीर होऊ द्यायचा नाही, असं मी उठल्यापासून घोकत होते. धाकटीने ऐन निघताना फ्रॉक भिजवला. आणि थोरला शर्टाची बटणं लावत बसलेला. हनुवटी छातीला टेकलेली, जिभेचं टोक बाहेर, एकेक बटण काजात सरकवतोय. वरच्या बटणापर्यंत पोचला तर काज उरलंच नाही, कुठेतरी एक घर चुकलं होतं. काही न बोलता त्याने सगळी परत काढायला घेतली आणि मी ओरडले. त्याचे हात बाजूला सारून मीच बटणं लावली. गळ्याजवळचं लावताना माझं नख त्याच्या मानेला लागलं. तो हूं की चूं करेना. अर्ध्या तासाने मी मंडळीत उभी राहून गीत गात होते.

रात्री झोपायच्या आधीची प्रार्थना. रोजचं सगळं म्हणून झालं, पण आमेन म्हणायच्या आधी तो थांबला. म्हणाला, "प्रभू, मला बटणं लवकर लावता येऊ देत, म्हणजे मम्मीला ओरडावं लागणार नाही."

ओरडावं लागणार नाही. म्हणजे मला ओरडावं लागतं, असं त्याला वाटतं. पाऊस आला की छत्री घ्यावी लागते, तसं. हे 'लागणं' तो माझ्याकडूनच शिकला असणार. किती वेळा म्हटलंय मी, तुझ्यामुळे ओरडावं लागलं मला.

आणि मी आमेन म्हणाले. आमेन म्हणजे तसंच होवो. दोष त्याचाच, असं मी देवासमोर कबूल करून टाकलं.

दोन वाजेपर्यंत जागी होते. मनात सगळं येऊन गेलं. माझी झोप कुणी मोजतं का? यांच्या रात्रपाळ्या, आईचं ते सगळं... ते जाऊ दे. मी काय कमी मागते? बायबलमधलं गलतीकरांस पत्र 5:22 तोंडपाठ आहे, आत्म्याचं फळ सांगणारं वचन. प्रीती, आनंद, शांती आणि लगेच सहनशीलता. रोज मागते. पण काल अंधारात तो शब्दच बोचायला लागला. सहनशीलता. मी सहन काय केलं होतं? पाच बटणं?

मग बायबलमधल्या निर्गम पुस्तकाचा 34वा अध्याय काढला. तिथे देव स्वतःविषयी सांगतो: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध. मूळ हिब्रूत 'मंदक्रोध'च्या जागी जे शब्द आहेत, त्यांचा शब्दशः अर्थ लांब नाकाचा. नाक आणि राग, दोन्हींना त्या भाषेत एकच शब्द. आपणही म्हणतोच की, राग अगदी नाकावर असतो हिच्या. देवाचा राग तिथवर यायला फार लांबचा रस्ता आहे म्हणायचं.

पण मी थबकले ती दुसऱ्याच गोष्टीपाशी. हे तो कधी सांगतो? इस्राएली लोकांनी पूजेला सोन्याचं वासरू करून झाल्यावर. देवाने आज्ञा लिहून दिलेल्या पहिल्या दगडी पाट्या त्यांच्या पुढाऱ्याने, मोशेने, संतापून फोडल्यावर. मोशे नव्या दोन पाट्या घडवून पुन्हा डोंगर चढून गेलाय आणि देव पहिल्यांदा लिहिलेलंच पुन्हा लिहून द्यायला तयार आहे. किती वेळा वाचला असेल हा अध्याय, हे कधी दिसलं नव्हतं. काल दिसलं आणि रडूच आलं. बरंही वाटलं. फोडणाऱ्यालाच पुन्हा वर बोलावलं होतं.

आज सकाळी लवकर उठले. त्याच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगितलं, "काल तुझं काही चुकलं नव्हतं. मला ओरडावं लागत नाही. मी ओरडले, ते माझं चुकलं." त्याने ऐकून घेतलं, "हं" म्हणाला आणि शाळेचा शर्ट चढवला.

खालून सुरुवात केली. तिसऱ्या बटणाला घर चुकलं. मला लगेच दिसलं. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. धाकटी आतून हाका मारत होती. तो वरपर्यंत गेला, काज शोधलं, मिळेना. मग आधी माझ्या तोंडाकडे बघितलं.

"परत?" त्याने विचारलं.

"परत," मी म्हणाले.