पांढऱ्या फाशाने केला घात

आज न्यू जर्सीत दिवसभर पाऊस. मित्राच्या बेसमेंटमध्ये आमची फाशांची बेसबॉल लीग, म्हणजे खऱ्या खेळाडूंच्या त्या-त्या वर्षीच्या आकड्यांवरून बनवलेली कार्डं आणि फासे घेऊन टेबलावर खेळायची मॅच: १९२७चे यांकीज विरुद्ध १९६८चे कार्डिनल्स. यांकीज माझे. बेब रूथचे त्या वर्षी ६० होमरन, म्हणून मी आधीच कॉलर ताठ करून बसलेलो. पण समोर कार्डिनल्सचा पिचर (बॉल टाकणारा) बॉब गिब्सन, ईआरए (फील्डरांच्या चुका सोडून नऊ इनिंगमागे सरासरी दिलेले रन) १.१२! पांढरा फासा १ ते ३ आला तर बॅटरचं कार्ड बघायचं, ४ ते ६ आला तर पिचरचं. माझा मेला फासा पाच-सहाच्या खाली उतरेना. रूथ तीनदा स्ट्राइकआउट! (रूथ वारला तेव्हा गिब्सन १२ वर्षांचा पोरगा होता, बरं का.) नवव्या इनिंगला बायकोचा फोन, "वरण गार झालं, येतोयस का?" म्हटलं, माझा गेरिग बॅटिंगला आलाय, पाचच मिनिटं. तोही आउट. ०-१.