सात नंबरच्या गाडीखालची रात्र

न्यूयॉर्कला आलेला मराठी माणूस क्वीन्स भागातल्या जॅक्सन हाइट्सला जातो तो बहुधा ७४व्या रस्त्यावर. कढीपत्ता घेतो, मिठाई घेतो, साड्यांच्या दुकानात डोकावतो आणि अंधार पडायच्या आत परततो. त्याच रस्त्याच्या टोकाला रूझवेल्ट अव्हेन्यू आडवा जातो. डोक्यावर लोखंडी पूल, त्यावरून सात नंबरची मेट्रो गाडी, आणि पुलाखाली ७४व्या रस्त्यापासून १०३व्यापर्यंत दोन-अडीच किलोमीटर कोलंबिया, एक्वादोर, मेक्सिको, डॉमिनिकन रिपब्लिक, पेरू. रात्री नऊनंतर या देशांच्या सीमा गाण्यावरून ओळखायच्या.

मॅनहॅटनहून ई किंवा एफ गाडी घ्यावी, लवकर पोचता. सातने येणार असाल तर स्लो-फास्ट बघून चढा. आकडा गोलात असेल तर स्लो, पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात असेल तर फास्ट. फास्ट ७४ला थांबत नाही, वुडसाइडनंतर एकदम जंक्शन बुलेव्हार्ड. शनिवार-रविवारी रुळांच्या कामासाठी सात अनेकदा अर्धवट बंद असते, तेव्हा परतीचा रस्ता आधीच बघून ठेवा. खिशात मूळ पासपोर्ट हवा. वय २१ पूर्ण असल्याचा पुरावा बारच्या दारावर मागतात आणि फोनमधला फोटो बहुतेक ठिकाणी चालत नाही. एक, पाच आणि दहाच्या सुट्या नोटा ठेवा. प्रत्येक पेल्यामागे एक डॉलर टीप, ती पेला हातात आल्याबरोबर द्यायची.

आता गाणी. गिटारची तार उंच सुरात थरथरते आहे, जोडीने तीन पावलं टाकून चौथ्याला कंबर उचलली, म्हणजे बाचाता आणि जागा डॉमिनिकन. दोन मात्रांची सरळ धाव आणि पत्र्याच्या किसणीवर घासल्यासारखा आवाज, तो मेरेंगे, तोही त्यांचाच. घोटाळा होतो तो अ‍ॅकॉर्डियनपाशी. कोलंबियाच्या बायेनातोत ते आहे, मेक्सिकोच्या नोर्तेन्योत आहे, मेरेंगेच्या खेड्यातल्या जुन्या प्रकारातही आहे. मग खालचा ठेका ऐकायचा. पोल्कासारखा धुम्-चक् आणि जाड तारांची गिटार असेल तर मेक्सिको. हाताने वाजवायचा छोटा ढोल आणि खरखरणारी काठी असेल तर कोलंबिया. कुंबिया मात्र सगळ्यांची. जन्म कोलंबियाच्या किनाऱ्यावरचा, पण मेक्सिकन तिला संथ करून वाजवतात आणि पेरूने तिला विजेची गिटार दिली. कोलंबियन माणसाला मेक्सिकन कुंबिया ऐकवली की त्याचा चेहरा पुणेकराला भलत्याच गावाची मिसळ चाखवल्यासारखा होतो.

मेक्सिकन नाचाच्या रात्री सोनिदेरो नावाचा माणूस ध्वनियंत्रणेमागे उभा असतो. गाणं चालू असतानाच तो माइकवर निरोप वाचतो, अमुक कुटुंबाकडून पुएब्ला राज्यातल्या तमुक गावाला नमस्कार. चिठ्ठी त्याच्या हातात द्यायची किंवा निरोप लिहिलेला फोन वर धरायचा. या रात्रींचं चित्रण गावी पोचतं आणि कागदपत्रं नसल्यामुळे वर्षानुवर्षं घरी जाऊ न शकलेला माणूस आईला नावानिशी ऐकू येतो. पुएब्लाहून इतके लोक इथे आले की गमतीने न्यूयॉर्कलाच ‘पुएब्ला यॉर्क’ म्हणतात. ‘गाण्यावर बडबड कशाला’ अशी तक्रार इतर देशांचे लोक करतात, ती या कारणाने फोल आहे.

साल्साचं भांडण सर्वांत जुनं. क्यूबन म्हणतात, हा आमचा जुना ‘सोन’ नावाचा संगीतप्रकार, नाव फक्त बदललं. पोर्तोरिकन म्हणतात, न्यूयॉर्कमध्ये तो वाढवला आम्ही. ज्या फानिया रेकॉर्ड कंपनीने १९६४ पासून या गाण्यांची बाजारपेठ उभी केली, तिचा एक संस्थापक जॉनी पाचेको डॉमिनिकन आणि दुसरा जेरी मासुची इटालियन वंशाचा वकील. त्यात कोलंबियाचं काली शहर स्वतःला साल्साची राजधानी म्हणवतं. तिथे मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या तबकड्या ४५ वर वाजवून नाचायची रीत होती, म्हणून कालीच्या माणसाचे पाय शिवणयंत्राच्या सुईसारखे चालतात. न्यूयॉर्कच्या क्लासांत शिकलेला दुसऱ्या मात्रेवर दिशा बदलतो, कालीचा पहिल्यावर. दोघे एकत्र नाचले की पहिल्या अर्ध्या मिनिटात एकाचा पाय चिरडतो. उपाय एकच, ज्याने विचारलं त्याने समोरच्याची मात्रा धरायची.

वरवर गाण्याचं दिसणारं हे भांडण खरं तर कोण कधी आलं आणि कोणत्या कागदावर आलं याचं आहे. पोर्तोरिकन १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक, त्यांना व्हिसाची भीती ठाऊक नाही. १९६१ मध्ये हुकूमशहा त्रुहियो मारला गेल्यावर डॉमिनिकनांची रीघ लागली. कोलंबियन साठ-सत्तरच्या दशकांत इथे स्थिरावले, इतके की या भागाला राजधानी बोगोतातल्या चापिनेरो वस्तीवरून ‘चापिनेरितो’ नाव पडलं. एक्वादोरचे लोक आधीपासून होते, पण १९९९ मध्ये तिथल्या बँका बुडाल्यावर लोंढा आला. २०२२ पासून व्हेनेझुएलन. त्यांना शहराने निवारा दिला, पुढे कामाच्या परवान्याची वाटही निघाली. वीस वर्षं कागदपत्रांविना भांडी घासणाऱ्या मेक्सिकन माणसाला ते खुपतं. गल्ल्यावर ऐकू येणाऱ्या ‘हे नवे लोक आळशी’ या शेऱ्यामागे हा हिशेब असतो.

काही बारमध्ये नाचायला पगारी जोडीदार मिळते. तिला बायलारिना म्हणतात. एका गाण्याचे दोन डॉलर, हा या रस्त्यावरचा जुना दर. चार मिनिटांचं गाणं धरलं तर तासाला पंधरा गाणी, म्हणजे तीस डॉलर, पण एकही गाणं रिकामं न गेलं तरच, आणि तसं होत नाही. गिऱ्हाईक बहुतेक बांधकामावरचा किंवा हॉटेलच्या स्वयंपाकघरातला एकटा पुरुष, बायको-मुलं देशात. आपल्याकडच्या डान्सबारशी गल्लत करू नका. तिथे गिऱ्हाईक बसून नोटा उधळतो, इथे तो स्वतः नाचतो आणि बरेचदा दोन डॉलर बोलण्याचेच देतो. फसगत होते पेयात. तिच्यासाठी मागवलेल्या बिअरचा दर तुमच्या बिअरपेक्षा बराच जास्त असतो, फरकातला वाटा तिला मिळतो. मेक्सिकोत याच हिशेबाच्या बिल्ल्यांवरून, म्हणजे ‘फिचां’वरून, अशा बायकांना फिचेरा म्हणत. म्हणून मागवण्याआधी दोन्ही दर विचारा. गाणी मोजायचं काम तिच्यावर सोडू नका, प्रत्येक गाण्याचे पैसे लगेच द्या. नाचून संपलं की संपलं. हात धरून ठेवणं, बाहेर भेटायला बोलावणं हा तिच्या कामाचा भाग नाही.

फुटपाथवर कुणी बाईच्या फोटोची छोटी कार्डं पुढे करील. घेऊ नका. तो देहव्यापार आहे आणि त्यामागे अनेकदा जबरदस्ती असते. मेक्सिकोच्या त्लास्काला राज्यातल्या तेनान्सिंगो गावातून मुलींना फसवून थेट क्वीन्सला आणणाऱ्या टोळ्यांवर न्यूयॉर्कच्या न्यायालयांत खटले चालले आहेत. २०२४ च्या ऑक्टोबरात शहराने या रस्त्यावर मोठी पोलिसी मोहीम काढली. तेव्हापासून एखादी जागा आज उघडी, उद्या बंद, असं होऊ शकतं.

पुरुषांच्या जोड्या नाचतात असेही बार इथे आहेत, दारावर इंद्रधनुषी झेंडा. १९९० मध्ये हूलिओ रिव्हेरा या पोर्तोरिकन तरुणाला समलिंगी म्हणून इथेच ठार मारलं, आणि त्यातून क्वीन्सचा प्राइड मोर्चा १९९३ मध्ये सुरू झाला. नाचाची शिस्त सगळ्यांत चोख आम्हाला याच जागांत दिसली. विचारल्याशिवाय कोणी हात धरत नाही.

कोणत्याही जागी शिरल्यावर आधी दुसरं दार शोधा, मग पेला. ब्रॉन्क्समध्ये २५ मार्च १९९० ला हॅपी लँड या विनापरवाना क्लबात ८७ माणसं मेली. बहुतेक होंडुरासची, त्यांतले बरेच गारिफुना, म्हणजे आफ्रिकी आणि मूळ कॅरिबियन अशा मिश्र वंशाचे. प्रेयसीशी भांडलेल्या एका माणसाने डॉलरभर पेट्रोल दारात ओतून पेटवलं, आणि आतल्यांना बाहेर पडायला धड दुसरी वाटच नव्हती. तो स्वतः १९८० मध्ये क्यूबाच्या मारिएल बंदरातून बोटीने आलेला क्यूबन निर्वासित. तळघरातली किंवा एकाच अरुंद जिन्याची जागा असेल तर आम्ही उलट पावली फिरतो.

शब्दांचीही गंमत आहे. कोलंबियन ‘पाइसा’ म्हणतो तेव्हा त्याला कोलंबियातल्याच अंतियोकिया प्रांताचा माणूस म्हणायचा असतो. मेक्सिकन म्हणतो तेव्हा आपला गाववाला. ‘आओरिता’ मेक्सिकनाच्या तोंडी ‘आत्ता, थोड्या वेळात’, डॉमिनिकनाच्या तोंडी ‘नंतर बघू’. टॅक्सी ‘आओरिता’ येते असं कुणी सांगितलं तर सांगणारा कुठला ते आधी विचारा.

बार पहाटे चारला बंद होतात. तोवर जंक्शन बुलेव्हार्डच्या जिन्याखाली तामाले, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेले मक्याच्या पिठाचे गोळे, विकणाऱ्या बायका पातेली लावू लागलेल्या असतात. मक्याच्या सालीतला तामाल मध्य मेक्सिकोचा, केळीच्या पानातला दक्षिणेकडच्या वाहाका राज्याचा. कोलंबियनही केळीचंच पान वापरतो आणि आपलाच अस्सल म्हणतो. एक्वादोरच्या माणसाला विचारलंत तर तो दोन्ही बाजूला सारून उमिता मागतो, ताज्या कोवळ्या मक्याची.