फाइल कुणाच्या नावावर आहे?

गेल्या आठवड्यात आप्पांबरोबर रावेरला वारसनोंदीच्या कामाला गेले होते. काका जो केळीचा तुकडा कसतात, त्याच्या सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव. आजोबांना जाऊन ११ वर्षं झाली. बाग काकांची, घाम काकांचा, पण पीककर्जाची वेळ आली की कागद आडवा येतो. तिथे बसल्या बसल्या मला आमच्या सिनिअरचं होम फोल्डर आठवलं.

रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीबागा उपग्रहाच्या चित्रांतून ओळखायच्या, हे माझं पीएचडीचं काम. सगळी गणितं दुसऱ्या शहरातल्या एका सामाईक क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर चालतात. आमच्या सिनिअरने दोन हंगाम उन्हातान्हात बांधाबांधाने फिरून, जीपीएस हातात घेऊन ६१२ बागांच्या सीमा आखल्या होत्या. त्या त्याने क्लस्टरवरच्या स्वतःच्या होममध्ये, म्हणजे खासगी फोल्डरमध्ये ठेवल्या आणि होमची परवानगी होती ७००, म्हणजे मालकाशिवाय कुणालाच आत जाता येणार नाही. त्याला नोकरी लागली, खातं बंद झालं. फोल्डरचं नाव मला दिसायचं, आत पाय ठेवता यायचा नाही. सरांनी पत्र दिलं, तीन आठवड्यांनी ॲडमिननी फायली काढून दिल्या. पण कुठली बाग मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली), कुठली कांदेबाग (पावसाळा संपताना लावलेली), हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. पुन्हा जाऊन विचारावं तर घड कधीच कापले गेले होते, काही ठिकाणी केळी काढून हरभरा पेरलेला. निम्म्याहून जास्त नोंदी मला सोडून द्याव्या लागल्या. त्याची मेहनत अशी वाया गेली याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून आता माझा नियम एकच. माझ्यानंतर कुणाला लागेल अशी फाइल पहिल्या दिवसापासून प्रोजेक्ट फोल्डरमध्ये. होममध्ये फक्त माझ्या सेटिंग्ज आणि कच्च्या नोंदी. प्रोजेक्टचं फोल्डर २७७० करून ठेवलंय. पुढच्या त्या २ मुळे आत तयार होणारी प्रत्येक नवी फाइल आपोआप गटाच्या नावावर लागते. त्याच्या जोडीला नव्या फाइलची परवानगी ठरवणारी सेटिंग, युमास्क ००२, म्हणजे गटातल्या बाकीच्यांना त्यात लिहिताही येतं.

इथे मी एकदा चांगलीच फसले होते. होममधली फाइल ‘एमव्ही’ या हलवायच्या कमांडने प्रोजेक्टमध्ये नेली की ती जुना ग्रुप आणि जुनी परवानगी सोबत घेऊन येते. जागा बदलते, नाव तेच राहतं, काकांच्या तुकड्यासारखं. कॉपी करणाऱ्या ‘आरसिंक’ला ‘-ए’ लावलं तरी तेच. त्यामुळे हलवून झालं की ग्रुप बदलणारी ‘सीएचजीआरपी’ आणि परवानगी बदलणारी ‘सीएचमॉड’ या कमांड चालवायच्या आणि ‘एलएस -एल’ने नाव लागलं का ते डोळ्यांनी बघायचं.

सातबाऱ्यात नमुना ७ जमीन कुणाची ते सांगतो आणि नमुना १२ त्यात काय पेरलं ते. परवानग्यांनी फक्त पहिलं काम होतं. दुसऱ्यासाठी प्रत्येक फोल्डरात मी ‘रीडमी’ नावाची माहितीची फाइल ठेवते: चित्रं कुठल्या तारखांची, सीमा कुणी आखल्या, मृगबाग की कांदेबाग, कुठली स्क्रिप्ट चालवली. मराठीतच लिहिते, आमच्या गटात सगळ्यांना वाचता येतं.

क्लस्टरवर स्क्रॅच नावाची तात्पुरत्या कामाची जागा असते. स्क्रॅच म्हणजे खळं. मळणी तिथेच करायची, पण धान्य तिथे ठेवून पावसाळा काढायचा नाही. आमच्याकडे ३० दिवस हात न लागलेली फाइल तिथून पुसली जाते आणि तिचा बॅकअप नसतो.

फायलींच्या संख्येचाही कोटा असतो, हे मला क्लस्टरवर लावलेलं काम मध्यरात्री बंद पडलं तेव्हा कळलं. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्राचा एक चौकोन, म्हणजे टाइल, १०,९८० बाय १०,९८० पिक्सेलची. तिचे २५६ बाय २५६ चे तुकडे पाडले की १,८४९ फायली. पावसाळ्यातले ढग वगळून १०० तारखा घेतल्या तर १ लाख ८४ हजार ९००! जीबी भरपूर शिल्लक होते, फायलींचा आकडा संपला होता. आता एका तारखेच्या सगळ्या तुकड्यांचं एकाच फाइलमध्ये गाठोडं, म्हणजे ‘टार’, बांधते.

जूनमध्ये माझं खातं बंद होईल. काल रात्री ज्युनिअरला फोन केला, म्हटलं तुझ्या लॉगिनने ‘सीमा’ फोल्डर उघड, एक नोंद बदल आणि सेव्ह कर. सेव्ह झालं. मग तिने विचारलं, ‘ताई, ४७ नंबरच्या बागेपुढे खोडवा लिहिलंय, ते कुठल्या सालचं?’ खोडवा म्हणजे पहिला घड कापल्यावर त्याच झाडाच्या फुटव्यावर घेतलेलं पुढचं पीक. त्याचं साल तेवढं लिहायचं राहिलं होतं. फोन चालू असतानाच लिहिलं.